अपूर्ण कवचांचे अणू : हार्ट्री-फॉक गणितातील समऊर्जता

दोन किंवा अधिक ऑर्बिटलांची ऊर्जा एकच असणे म्हणजे समऊर्जता. मुक्त अणूत केंद्रकाभोवतीच्या सर्व दिशा समान असल्यामुळे २पी उपकवचातील तिन्ही ऑर्बिटले समऊर्ज असावीत ही अपेक्षा रास्त आहे. परंतु हे उपकवच अंशतःच भरलेले असेल, तर हार्ट्री-फॉक गणितातून बहुधा तिन्हींना एकच ऊर्जा मिळत नाही.

डग्लस हार्ट्री यांनी १९२८ मध्ये मांडलेल्या आणि फॉक व स्लेटर यांनी १९३० मध्ये प्रतिसममितीची अट घालून सुधारलेल्या या पद्धतीत प्रत्येक इलेक्ट्रॉन इतरांच्या सरासरी क्षेत्रात वावरतो असे मानतात आणि ऑर्बिटले व क्षेत्र परस्परांशी जुळेपर्यंत आकडेमोड पुन्हा पुन्हा करतात. बोरॉनचा पाचवा इलेक्ट्रॉन झेड अक्षावरील पी ऑर्बिटलात ठेवला की विद्युत्‌भाराचे वितरण त्या अक्षाच्या दिशेने लांबट होते व क्षेत्राची गोलीय सममिती नाहीशी होते. ऊर्जांमधील मोठी तफावत मात्र याहून वेगळ्या कारणाने येते : भरलेल्या ऑर्बिटलात विनिमय पद इलेक्ट्रॉनचे स्वतःशीच होणारे प्रतिकर्षण रद्द करते, तर उरलेल्या दोन रिकाम्या पी ऑर्बिटलांच्या वाट्याला पाचही इलेक्ट्रॉनांचे प्रतिकर्षण येते आणि ती बरीच वर जातात. कूपमन्स यांच्या प्रमेयानुसार (१९३४) भरलेल्या ऑर्बिटलाची ऊर्जा इलेक्ट्रॉन काढण्याशी, तर रिकाम्याची तो जोडण्याशी निगडित असते. म्हणून त्यांतील अंतराला बोरॉनच्या पातळ्यांमधील अंतर समजणे चूक ठरते. बोरॉनची तळपातळी स्पिन-कक्षा परस्परक्रिया वगळल्यास सहापट समऊर्जच असते; त्या परस्परक्रियेने पडणारे विभाजन सुमारे १५ प्रति सेंटीमीटर, म्हणजे अगदी किरकोळ, असून त्याचे मूळ सापेक्षतेत आहे.

नायट्रोजनमध्ये ही अडचण उद्भवत नाही, कारण त्याच्या तीन समांतर स्पिनांच्या इलेक्ट्रॉनांचे वितरण गोलीय असते. दोन्ही स्पिनांना स्वतंत्र ऑर्बिटले दिली, तरी प्रत्येक स्पिनची तिन्ही पी ऑर्बिटले आपापसांत समऊर्ज राहतात.

उपाय म्हणून तिन्ही ऑर्बिटलांवर एकच त्रिज्य फलन लादता येते. नेस्बेट यांनी १९५५ मध्ये सममिती व समतुल्यतेच्या अशा अटी मांडल्या, आणि १९६० मध्ये रूथान यांनी अपूर्ण कवचांसाठी युग्मन-गुणक असलेली समीकरणे दिली. बोरॉनचा इलेक्ट्रॉन तीन ऑर्बिटलांत एक-तृतीयांश वाटला, पण हे गुणक न वापरता पूर्ण कवचाचेच सूत्र ठेवले, तर समऊर्जता मिळते, पण एकाच इलेक्ट्रॉनचे स्वतःशी होणारे प्रतिकर्षण अंशतः शिल्लक राहते. उलट सर्व अटी काढल्या, तर एकूण ऊर्जा किंचित खाली येते, परंतु २एस ऑर्बिटलातही डी-अंश मिसळतो आणि तरंगफलन कोनीय संवेगाची शुद्ध अवस्था राहत नाही. या पेचाला लोव्दिन यांनी १९६३ मध्ये सममितीची कोंडी म्हटले.