चेतकचा लपलेला स्क्रू : आकुर्डीपासून सांगवीपर्यंतचा एका हत्याराचा इतिहास

पिंपरी-चिंचवडचा औद्योगिक इतिहास सांगताना कारखान्यांची नावे येतात, भूसंपादनाची वर्षे येतात, कामगार संघटनांचे संप येतात. वीतभर लांबीच्या चपट्या स्क्रू ड्रायव्हरचा उल्लेख मात्र कुठेही सापडत नाही. वास्तविक या पट्ट्यात तयार झालेली लक्षावधी वाहने ज्यांनी तीन-चार दशके रस्त्यावर धावती ठेवली, त्यांची सारी विद्या या हत्याराच्या टोकाशी एकवटलेली होती.

प्रथम थोडे तंत्र, कारण त्यावाचून पुढील इतिहास उमगणार नाही. पेट्रोल पूर्णपणे जळण्यासाठी एक भाग पेट्रोलास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. ही सरमिसळ घडवणारे यंत्र म्हणजे कार्बोरेटर. जर्मनीत विल्हेल्म मायबाख याने आणि हंगेरीत दोनात बांकी व यानोश चोंका यांनी १८९३ च्या सुमारास फवाऱ्याचा कार्बोरेटर सिद्ध केला आणि पुढे शंभर वर्षे तत्त्व तेच राहिले. गाडी वेगात असताना मिश्रण ठरवतात ते आतील जेट आणि सुई. गाडी उभी असून इंजिन मंद गतीने चालू असताना मात्र मिश्रण ठरते एका लहानशा स्क्रूवर. तो अर्धा फेरा इकडे-तिकडे झाला तरी इंजिनाचा आवाज बदलतो, प्लग काळा पडतो, सकाळी किक मारून पाय भरून येतो.

या स्क्रूचे दोन प्रकार आहेत. काही कार्बोरेटरांत तो एअर फिल्टरच्या बाजूस असतो आणि हवा रोखतो. तो आवळला की मिश्रणात पेट्रोलाचे प्रमाण वाढते. काहींत तो इंजिनाच्या बाजूस असतो आणि इंधनाची वाट रोखतो. तो आवळला की पेट्रोल कमी होते. एकाच कृतीचे दोन विरुद्ध परिणाम! शिकाऊ पोराला गॅरेजमध्ये पहिली शिवी बहुधा याच गोंधळापायी मिळत असावी.

सांगवी हे मुळा आणि पवना या दोन नद्यांच्या दुबेळक्यातील गाव. पलीकडे औंध, अलीकडे दापोडी. दापोडीत एस. टी. महामंडळाची मध्यवर्ती कार्यशाळा. तेथून जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने फुगेवाडी, कासारवाडी, पिंपरी, चिंचवड ओलांडले की आकुर्डी. याच आकुर्डीत बजाज ऑटोचा कारखाना उभा राहिला. कंपनीची सुरुवात १९४५ मध्ये बछराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन या नावाने झाली. १९४८ पासून ती परदेशी वाहने आणून विकत होती. १९५९ मध्ये तिला दुचाकी-तीनचाकी बनवण्याचा सरकारी परवाना मिळाला आणि इटलीच्या पियाज्यो कंपनीशी झालेल्या कराराने व्हेस्पा स्कूटर भारतात तयार होऊ लागली. तो करार १९७१ मध्ये संपला. त्यानंतर १९७२ मध्ये महाराणा प्रतापांच्या घोड्याचे नाव घेऊन ‘चेतक’ आली. नाव मेवाडचे असले तरी बांधणी व्हेस्पाचीच होती.

या बांधणीत आपल्या विषयाचे मूळ आहे. व्हेस्पाचा जनक कोर्रादिनो दास्कानियो हा विमान-हेलिकॉप्टरांचा अभियंता. त्याला मोटरसायकलचे उघडे, तेलकट इंजिन मुळीच पसंत नव्हते. म्हणून त्याने इंजिन मागील चाकाशी, उजव्या बाजूच्या फुगीर पत्र्याखाली झाकले. चालवणाऱ्याचे कपडे स्वच्छ राहिले. दुरुस्ती करणाऱ्याची मात्र पंचाईत झाली. कार्बोरेटर त्या पत्र्याआड, एका पेटीत बंद. मंदगती वाढवण्याचा स्क्रू वरून हाती लागतो. मिश्रणाचा स्क्रू मात्र मागच्या बाजूस, रबरी बुचाने झाकलेल्या छिद्रापलीकडे. तिथवर पोहोचायचे तर लांब, सडपातळ आणि सरळ दांड्याचा चपटा स्क्रू ड्रायव्हर हवा. दांडा आखूड असेल तर मूठ पत्र्याला अडते. पाते जाड असेल तर खाचेत बसत नाही. पाते अरुंद असेल तर खाचेच्या कडा खाते, कारण हे स्क्रू पुष्कळदा पितळी म्हणजे मऊ असतात. आणि स्क्रू तळाशी टेकल्यावरही जोर लावला, तर त्याचे निमुळते टोक बसण्याच्या जागेत रुतून ती जागा कायमची बिघडते. म्हणून रीत अशी : स्क्रू अलगद पूर्ण आत न्यायचा, मग साधारण दीड फेरा उलटा फिरवायचा, इंजिन चांगले तापू द्यायचे आणि कानाने ऐकत ऐकत पाव-पाव फेऱ्याने तो क्षण शोधायचा, जेव्हा इंजिन सर्वांत मोकळे, सर्वांत एकसुरी चालते.

आज ही खटपट अनाठायी वाटेल. परंतु परवाना-राज्यातील वस्तुस्थिती आठवावी. कारखान्याने किती स्कूटर बनवायच्या हे सरकार ठरवी. मागणी त्याहून कितीतरी अधिक. नोंदणी केल्यानंतर चेतक हाती येण्यास अनेक वर्षे लागत. दहा वर्षे थांबलेल्यांच्या कथा घरोघरी आहेत. इतक्या प्रतीक्षेनंतर आलेली गाडी कुणी पाच वर्षांत मोडीत काढत नसे. ती वडिलांकडून मुलाकडे जाई. अशा समाजात दुरुस्ती करणारा मनुष्य कारखान्याइतकाच महत्त्वाचा असतो. थंड सकाळी चेतक एका बाजूस कलती करून मग किक मारणारे गृहस्थ हे त्या काळाचे चित्रच होय. पण त्या चित्राच्या चौकटीबाहेर स्क्रूची खाच जाणणारा एक गॅरेजवाला उभा आहे, हे विसरले जाते.

१९८० च्या दशकात जपानी तंत्र आले. बजाजनेही कावासाकीशी हातमिळवणी करून १९८६ मध्ये केबी १०० ही मोटरसायकल आणली. येथे हत्यारांच्या इतिहासाला एक विलक्षण वळण मिळते. फुलीच्या खाचेचा स्क्रू अमेरिकेत हेन्री फिलिप्स याने १९३६ मध्ये पेटंट घेऊन लोकप्रिय केला. आपल्या गॅरेजांत त्याच्या हत्याराला ‘स्टार’ म्हणतात. जपानी कारखान्यांनी स्वतःची मानके ठरवली आणि त्यांच्या फुलीची भूमिती थोडी निराळी निघाली. डोळ्याला फरक दिसत नाही; हाताला कळतो. फिलिप्सचे टोक जपानी खाचेत पूर्ण टेकत नाही, जोर दिला की वर सरकते आणि खाच मारून टाकते. कार्बोरेटरच्या खालच्या वाटीचे स्क्रू याच प्रकारचे असल्याने आटे शाबूत पण खाच गेलेली, अशी कित्येक वाट्यांची गत झाली. दोष ‘जपानी मऊ लोखंडा’ला दिला गेला. खरा दोष चुकीच्या हत्याराचा होता. जपानी मानकाच्या स्क्रूच्या डोक्यावर बहुधा एक बारीक ठिपका असतो; ज्यांनी तो पाहिला त्यांनी निराळा स्क्रू ड्रायव्हर शोधला.

त्यानंतर कायदा या स्क्रूपाशी येऊन पोहोचला. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील ११५ व्या नियमाने दुचाकी-तीनचाकीच्या धुरात, इंजिन मंद गतीवर असताना, कार्बन मोनॉक्साइड ४.५ टक्क्यांपेक्षा अधिक नसावा असे ठरवले. ऑक्टोबर २००४ पासून नव्या पिढीच्या वाहनांसाठी ही मर्यादा ३.५ टक्क्यांवर आली. चाचणी मंद गतीवर, आणि मंद गतीचे मिश्रण एका स्क्रूच्या हाती! तपासणीपूर्वी स्क्रू फिरवून पेट्रोल कमी करायचे, प्रमाणपत्र खिशात पडले की पुन्हा पूर्ववत करायचे, ही युक्ती न सुचती तरच नवल. गॅरेजवाल्याला भाबडा नायक ठरवणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे. ज्या हाताला गाडी सुधारता येते, त्याला कायद्याला चकवाही देता येतो. टू-स्ट्रोक गाड्यांच्या निळसर धुरात शहरे गुदमरत होती, हे खोटे नव्हते.

अमेरिकेने हा पेच आधीच ओळखला होता. तेथे १९७८ पासूनच्या मोटरसायकलींना धुराची मानके लागू झाली आणि निर्मात्यांनी मिश्रणाचा स्क्रू धातूच्या टोपणाखाली बुजवण्यास आरंभ केला. पुढे स्क्रूच्या डोक्याची खाचच काढून टाकण्यात आली. त्या जागी इंग्रजी ‘डी’ अक्षरासारखे डोके आले, ज्याला बाजारातला कोणताही स्क्रू ड्रायव्हर लागत नाही. हेतू उघड होता : हत्यार फक्त अधिकृत सेवा केंद्राकडे असावे. भारतीय दुचाकींतही असे स्क्रू आले, तेव्हा गॅरेजांनी पितळी नळीचे टोक चेपून, कानशीने घासून आपापली किल्ली बनवली. स्क्रू फिरवण्याचा अधिकार नेमका कुणाचा, मालकाचा, कारागिराचा की निर्मात्याचा, हा वाद तेव्हा न्यायालयात गेला नाही. तो कानशीने सोडवला गेला.

अखेर स्क्रूच उरला नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके लागू झाली आणि थोडे अपवाद वगळता दुचाकींत कार्बोरेटरची जागा संगणकाने चालणाऱ्या इंधन-फवारणीने घेतली. मिश्रण आता संवेदक ठरवतात. त्यांच्याशी बोलण्यासाठी कानाऐवजी स्कॅनर लागतो. त्याच वर्षीच्या जानेवारीत ‘चेतक’ हे नाव विजेवर चालणाऱ्या स्कूटरला मिळाले, आणि जून २०२२ मध्ये आकुर्डीच्या त्याच जुन्या आवारात तिचा नवा कारखाना सुरू झाला. या चेतकला पेट्रोल नाही, प्लग नाही, कलती करण्याचे कारणही नाही. जुन्या चेतकी अद्याप काही घरांच्या जिन्याखाली आहेत. त्यांच्या रबरी बुचामागे तो स्क्रू आहे आणि त्याला तोच लांब, सडपातळ दांड्याचा चपटा स्क्रू ड्रायव्हर लागतो.