लादलेली साडी, निवडलेली साडी : क्वीअर चित्रपटांची निवड आणि आंबेडकरी चळवळ

'हे सगळे मुंबईच्या उच्चवर्णीय पोरांचे चोचले आहेत. आपल्या वस्तीत पाणी नाही, पोरांची शिष्यवृत्ती अडकली आहे आणि तुम्ही समलिंगी सिनेमाचे काय घेऊन बसलात?' जळगाव-धुळ्याच्या कार्यकर्त्यांसमोर क्वीअर चित्रपट महोत्सवाचा विषय काढला की हे वाक्य ठरलेले असते. या आक्षेपाला आम्ही हसून टाळत नाही, कारण त्यात अर्धे सत्य आहे. उरलेले अर्धे मात्र आपलाच इतिहास विसरल्यामुळे आले आहे.

आधी महोत्सवाकडे पाहू. समलिंगी, ट्रान्सजेंडर आणि इतर लैंगिक अल्पसंख्याकांनी 'क्वीअर' हा शब्द स्वतःसाठी घेतला. मुळात ती इंग्रजीतली शिवी होती. 'दलित' या शब्दाला आपण ज्या ताठ मानेने आपले नाव केले, तसेच हे. १८६० च्या भारतीय दंड संहितेतील कलम ३७७ नुसार समलिंगी संबंध गुन्हा होता. २ जुलै २००९ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने नाझ फाउंडेशनच्या खटल्यात प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना त्यातून वगळले आणि पुढच्याच वर्षी, एप्रिल २०१० मध्ये, मुंबईत 'कशिश' हा चित्रपट महोत्सव सुरू झाला. त्याचे संस्थापक श्रीधर रंगायन. त्यांच्या 'गुलाबी आईना' या चित्रपटाला सेन्सॉर बोर्डाने प्रमाणपत्र नाकारले होते. चोरून-लपून कॅसेटवर पाहिले जाणारे चित्रपट आता तिकीट काढून, मोठ्या चित्रपटगृहात, माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या परवानगीने दाखवले जाऊ लागले. पुढे लिबर्टीसारख्या जुन्या देखण्या थिएटरात हा महोत्सव भरू लागला. ही लहान गोष्ट नव्हती. २०१३ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने ३७७ पुन्हा जिवंत केले, ते ६ सप्टेंबर २०१८ पर्यंत टिकले. त्या काळातही महोत्सव भरत राहिला.

पण निवड समितीच्या टेबलावर चित्रपट येतो कुठून? ज्याच्याकडे कॅमेरा आहे, संकलनाला पैसे आहेत, इंग्रजीत उपशीर्षके लिहून देणारा मित्र आहे, अर्ज भरायला इंटरनेट आणि फुरसत आहे, त्याच्याकडून. समितीने कितीही मोकळ्या मनाने निवड केली तरी ती आलेल्यांतूनच होणार. भडगावच्या शेतमजुराच्या मुलाची गोष्ट निवड समितीने नाकारलेली नसते. ती तिथवर पोचलेलीच नसते. आक्षेपातले सत्य एवढेच, आणि ते महोत्सवाला जेवढे लागू आहे तेवढेच विद्यापीठांना, वर्तमानपत्रांना आणि साहित्य संमेलनांना.

आता विसरलेल्या इतिहासाकडे. डिसेंबर १९९८ मध्ये दीपा मेहतांच्या 'फायर' या चित्रपटावर मुंबईत शिवसेनेच्या महिला आघाडीने हल्ला केला, थिएटरच्या काचा फोडल्या. दोन जावांचे एकमेकींवर प्रेम बसते ही गोष्ट तर होतीच, पण त्यांची नावे राधा आणि सीता असणे हे मोठे दुखणे होते. चित्रपट पुन्हा सेन्सॉरकडे पाठवला गेला. हे आपल्याला ओळखीचे वाटायला हवे. दहाच वर्षांपूर्वी, १९८८ च्या सुरुवातीला, बाबासाहेबांच्या 'रिडल्स इन हिंदुइझम' या ग्रंथातील राम आणि कृष्णावरच्या प्रकरणावरून याच राज्यात ग्रंथाची होळी झाली होती आणि आपली माणसे लाखोंच्या संख्येने मुंबईच्या रस्त्यावर उतरली होती. राम-सीता-कृष्ण ही नावे कोणी उच्चारावीत, कशी उच्चारावीत, याची मालकी ज्यांनी आपल्याकडे ठेवली आहे त्यांचाच राग दोन्हीकडे होता. 'फायर'च्या वेळी आपण तो आपला लढा मानला नाही. मानायला हवा होता.

त्याहून मागे जाऊ. रघुनाथ धोंडो कर्वे १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवत होते. संततिनियमन, लैंगिक शिक्षण हे त्याचे विषय. १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. हा दुसरा खटला. निमित्त होते वाचकांच्या खासगी लैंगिक प्रश्नांना छापलेली उत्तरे, आणि त्या प्रश्नांत हस्तमैथुन होते, समलिंगी संबंधही होते. सनातनी तर विरोधात होतेच, सुधारकही अंतर राखून उभे होते. कर्व्यांचे वकीलपत्र घेतले डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. गोलमेज परिषदा, पुणे करार, लंडनमधल्या समितीचे काम हे सगळे नुकतेच होऊन गेले होते, वेळ काढावा अशी ही 'राजकीय' केस नव्हती. त्यांचा युक्तिवाद साधा होता : लैंगिक विषयावर लिहिले म्हणजे ते आपोआप अश्लील ठरत नाही आणि लोकांच्या मनात शंका असतील तर त्यांना ज्ञानाने उत्तर द्यायला हवे. हॅवलॉक एलिस यांच्या लैंगिकतेवरच्या संशोधनाचा आधारही त्यांनी घेतला. खटला हरले, कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. अजित दळवींनी यावर 'समाजस्वास्थ्य' हे नाटक लिहिले, अतुल पेठेंनी ते बसवले.

'हा विषय आपला नाही' म्हणणाऱ्यांनी हा खटला डोळ्यांसमोर ठेवावा. विषय आपला नसता तर बाबासाहेब त्या कोर्टात उभे राहिले नसते. तीन वर्षांनी, ३१ जुलै १९३७ ला, तेच वकील बाबासाहेब कोर्टाच्या कामासाठी धुळ्याला आले आणि लळिंगच्या लांडोर बंगल्यात राहिले. दरवर्षी ३१ जुलैला आपण तिथे भीमस्मृती यात्रेला जातो, ते त्या वकिलाच्या आठवणीसाठीच.

मात्र इतिहास इतका सोयीचाही नाही. या दोन घटनांच्या मधोमध एक तारीख आहे, १६ जून १९३६. त्या दिवशी परळच्या दामोदर हॉलमध्ये देवदासी, जोगतिणी, पोतराज, भुत्ये, आराधी यांची सभा झाली. धर्मांतराच्या घोषणेला काही महिने झाले होते, मुंबई इलाखा महार परिषद मे महिन्याच्या अखेरीस पार पडली होती. बाबासाहेबांनी त्यांना स्पष्ट सांगितले की आमच्याबरोबर यायचे असेल तर हे लाजिरवाणे जिणे सोडावे लागेल. सोडले गेले. पोतराजाचा कोरडा, वाघ्याची दिवटी, देवीला वाहिलेल्या पोराच्या अंगावरची साडी आपल्या आजोबा-पणजोबांनी टाकली आणि ते योग्यच केले. धर्माच्या नावाने दलित-बहुजनांच्या पोरापोरींना देवाला सोडायचे आणि मग गावाने त्यांचे शरीर वापरायचे, ही ती व्यवस्था होती. तिथे 'निवड' नावाची गोष्ट नव्हती.

अडचण पुढे झाली. पुरुषाच्या अंगावरची साडी म्हणजे गुलामी, एवढेच समीकरण आपल्या मनात राहून गेले. ती साडी कोणी नेसवली हा प्रश्न गळाला. आजही मोर्चात, आपल्याही मोर्चात, निष्क्रिय अधिकाऱ्याला बांगड्यांचा आहेर दिला जातो आणि भाषणात विरोधकाला 'छक्का' म्हटले की टाळ्या पडतात. बाई असणे आणि हिजडा असणे ही शिवी आहे, असे मनूनेही याहून वेगळे काय सांगितले?

याच ठिकाणी मराठी सिनेमाची तपासणी करावीशी वाटते. राजीव पाटलांचा 'जोगवा' (२००९) आपल्यातल्या बहुतेकांनी पाहिलाय. तायप्पा आणि सुली, दोघेही देवीला सोडलेले. उपेंद्र लिमये साडीतला जोगता आणि मुक्ता बर्वे जोगतीण. राजन गवस यांच्या कादंबऱ्यांतून आणि चारुता सागर यांच्या कथेतून घेतलेली ही गोष्ट. दोघांचे प्रेम जमते आणि शेवटी तायप्पा साडी झुगारून पुरुष म्हणून उभा राहतो. दामोदर हॉलच्या भाषणाचा जणू हा चित्रपट आहे, आणि म्हणून तो आपला आहे. पण एक प्रश्न चित्रपट विचारत नाही : तायप्पाच्या शेजारी असा एखादा जोगता असेल, जो मनाने बाईच आहे, तर त्याने, म्हणजे तिने, साडी काढून काय करायचे? पुढच्याच जानेवारीत आलेला 'नटरंग' पाहा. पहिलवानी शरीराचा गुणा तमाशासाठी नाच्या होतो, गाव थुंकते, घर तुटते, अत्याचार होतो. प्रेक्षकाला वाईट वाटते ते का? गुणा 'खरा' पुरुष असूनही त्याला हे भोगावे लागले म्हणून. तो खरोखरच बायकी असता तर आपण एवढेच रडलो असतो का? खानदेशात तमाशाला कोणी परके नाही. नाच्याला टाळ्या देणारे आणि वाटेत अडवणारे बहुधा तेच हात असतात, हे इथे कोणाला सांगायला नको.

इंग्रजांनी तर हे कायद्यातच लिहून ठेवले होते. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आपण विमुक्तांच्या संदर्भात वाचतो. त्याच कायद्याचा दुसरा भाग हिजड्यांसाठी होता : नोंदणी करा आणि सार्वजनिक ठिकाणी बाईचा वेष करून दिसलात, नाचलात तर शिक्षा. तो भाग उत्तर हिंदुस्थानातल्या प्रांतांसाठी होता. पण जन्माने गुन्हेगार ठरवलेली जमात आणि कपड्यांवरून गुन्हेगार ठरवलेला हिजडा एकाच कायद्याच्या दोन पानांवर होते, हे आपल्या अभ्यास शिबिरांत कधी सांगितले जात नाही.

आणि हा प्रश्न खानदेशात येऊन ठेपला तो सिनेमातून नाही, ग्रामपंचायतीतून. जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुकच्या अंजली गुरू संजना जान यांनी महिलांसाठी राखीव जागेवर अर्ज भरला. ट्रान्सजेंडर असल्याने तो फेटाळला गेला. जानेवारी २०२१ च्या सुरुवातीला औरंगाबाद खंडपीठाने तो स्वीकारायला लावला. आधार होता लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क, जो सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१४ च्या नालसा निकालात मान्य केला होता. त्याच महिन्यात त्या निवडून आल्या. लिबर्टीतल्या कुठल्या पारितोषिकापेक्षा भादलीच्या मतदारांचा हा शिक्का आम्हाला मोठा वाटतो. २०२४ च्या विधानसभेला वंचित बहुजन आघाडीने पहिल्याच यादीत रावेरसाठी शमिभा पाटील यांचे नाव जाहीर केले, तेही याच जिल्ह्यात. दिशा पिंकी शेख तर २०१९ पासून पक्षाची बाजू मांडत आल्या आहेत. राजकारण पडद्याच्या पुढे गेले आहे.

मग पडदा कशाला हवा? कारण मत देताना झाकता येणारा चेहरा सिनेमा पाहताना उघडा पडतो. मात्र कोणता सिनेमा, हे आपण ठरवायला हवे.

'उंबरठा' (१९८२) खानदेशला जवळचा, स्मिता पाटील शिरपूरच्या घरातल्या. त्यात महिलाश्रमातल्या दोघींचे नाते येते, पण 'प्रकरण' म्हणून येते. त्या दोघी काय म्हणतात हे कॅमेरा थांबून ऐकत नाही. रवी जाधव यांचा 'मित्रा' हा लघुपट विजय तेंडुलकरांच्या कथेवरचा, धाडसी आहे, पण जग सगळे कॉलेजातल्या उच्चवर्णीयांचे. नीरज घेवान यांच्या 'गीली पुच्ची'ची (२०२१) गोष्ट वेगळी. कारखान्यात यंत्रावर राबणारी भारती मंडल दलित आहे आणि तिला बायका आवडतात. टेबलावरची नोकरी तिला नाही, ती मिळते नव्याने आलेल्या ब्राह्मण प्रियाला. दोघींत ओढ निर्माण होते. भारतीने आपली जात सांगितल्यावर प्रियाचा हात जसा मागे सरतो आणि पुढे त्या घरात चहा वेगळ्या स्टीलच्या पेल्यात येतो, तो पेला आपल्यातल्या कोणाला समजावून सांगावा लागत नाही. प्रेमाने जात वितळते हा क्वीअर सिनेमातला लाडका समज हा अर्ध्या तासाचा चित्रपट मोडून टाकतो. आमच्या निवडीत हा पहिल्या तिनात.

रोहन परशुराम कानवडे यांचा 'साबर बोंड' याच्या उलट्या बाजूने येतो. वडील गेल्यावर दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी आलेला आनंद आणि बालपणीचा मित्र बाळ्या. २०२५ मध्ये सनडान्स महोत्सवात त्याला परीक्षकांचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले. मुंबईत एका खोलीत वाढलेल्या, फिल्म स्कूलचे तोंड न पाहिलेल्या माणसाने तो केला आहे. अपमानाशिवाय, मारझोडीशिवाय, शेत-गोठ्यात घडणारे हे प्रेम आहे आणि मुलाला समजून घेणारी न शिकलेली आई आहे. 'हे शहरी खूळ आहे' म्हणणाऱ्यांना आम्ही हाच चित्रपट दाखवू. जातीबद्दल मात्र तो फार बोलत नाही. तेवढ्यासाठी त्याला नाकारण्याचे कारण नाही, चर्चेत ते बोलावे.

कार्यकर्त्यांनी काही व्यवहाराच्या गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. जाहीर प्रदर्शनाला सेन्सॉरचे प्रमाणपत्र लागते. मोठ्या महोत्सवांना मंत्रालयाकडून सूट मिळते, ती वस्तीतल्या कार्यक्रमाला आपोआप लागू होत नाही. प्रमाणपत्र असलेला चित्रपटही हक्कदाराच्या परवानगीशिवाय दाखवता येत नाही, आणि नेटफ्लिक्सचे घरचे खाते म्हणजे पडदा लावण्याचा परवाना नव्हे. दिग्दर्शकांना पत्र लिहा, विहाराच्या किंवा वाचनालयाच्या नावाने मागा.

मुंबईचा महोत्सव मे-जूनमध्ये होऊन जातो, लळिंगची यात्रा ३१ जुलैला. मधल्या दिवसांत या परवानग्या मिळवता येतात. प्रोजेक्टर भाड्याने मिळतो, पांढरी चादर प्रत्येक घरात असते. ज्यांच्या घरात एकेकाळी पोतराजाचा कोरडा होता ती वयस्क मंडळी आणि गावातल्या तृतीयपंथी गुरू-चेल्यांना एकाच सतरंजीवर बसवावे. पहिला चित्रपट 'जोगवा' ठेवावा असे आमचे मत आहे. तो संपला की दिवे लावून तायप्पाच्या साडीचा प्रश्न आधी त्यांना विचारावा, आपण नंतर बोलावे.