आयपीसमधून रुंदावत गेलेले आकाश

दुर्बिणीचा आरसा किंवा पुढचे भिंग प्रकाश गोळा करते. त्या प्रकाशातून तयार झालेली प्रतिमा मोठी करून डोळ्यापुढे ठेवण्याचे काम आयपीसचे. एका वेळी आकाशाचा केवढा तुकडा दिसणार, हेही बऱ्याच अंशी आयपीसवरच ठरते. आजचे स्वस्त, रुंद दृष्टिक्षेत्राचे आयपीस घडायला तीनशेहून अधिक वर्षे लागली.

मराठवाड्यातल्या बीड जिल्ह्याच्या परिसरात मात्र आकाशनिरीक्षणाची परंपरा दुर्बिणीच्या आधीची आहे. जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते आणि माजलगावच्या पलीकडे, नदीच्या उत्तरेला पाथरी आहे. हेच पूर्वीचे पार्थपूर. येथील ज्ञानराजाने १५०३ च्या सुमारास ‘सिद्धांतसुंदर’ हा ग्रंथ रचला. गोदातीरावरच्याच गोळग्रामच्या दैवज्ञ घराण्यातला कमलाकर पुढे काशीला राहिला. त्याचा ‘सिद्धांततत्त्वविवेक’ १६५८ चा, म्हणजे गॅलिलिओने आकाशाकडे दुर्बीण वळवल्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षांनी लिहिलेला. तरीही या परंपरेचे वेध नुसत्या डोळ्यांनी आणि नलकयंत्रासारख्या साधनांनी घेतले जात. नलकयंत्र म्हणजे भिंग नसलेली पोकळ नळी. ग्रह गणिताने सांगितलेल्या जागी आहे की नाही हे दाखवायला ती पुरे. तिच्यातून काहीच मोठे दिसत नसे, पण नजर एका ठिकाणी खिळत असे.

गॅलिलिओच्या १६०९ च्या दुर्बिणीत डोळ्याकडचे भिंग अंतर्गोल होते आणि दृष्टिक्षेत्र इतके अरुंद, की पूर्ण चंद्रही एकदम मावत नसे. केप्लरने १६११ मध्ये बहिर्गोल भिंग सुचवले. प्रतिमा उलटी झाली, पण क्षेत्र वाढले. ह्यूजेन्सने दोन भिंगे जोडली, १७८० च्या दशकात रॅम्सडेनने त्यांची मांडणी बदलली, १८४९ मध्ये केलनरने एका भिंगाच्या जागी जोडभिंग घालून रंगीत कडा कमी केल्या. १८६० मध्ये व्हिएन्नाच्या प्लोसलने दोन्ही भिंगांच्या जागी जोडभिंगे वापरली. एवढे होऊनही डोळ्याला दिसणाऱ्या वर्तुळाचा कोन पन्नास अंशांच्या आसपासच राहिला. ग्रह पाहायला हे पुरते. पसरट तारकागुच्छांसाठी ते अपुरे आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी रुंद आकाश टिपण्याचे मोठे काम छायाचित्रणाने चालले होते आणि त्यात बीड ज्या राज्यात होते त्या राज्याचाही वाटा होता. १९४८ पर्यंत बीड निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. नवाब जफर जंग यांनी १९०१ मध्ये हैदराबादेत उभारलेली वेधशाळा १९०८ मध्ये संस्थानाने ताब्यात घेतली. तीच निजामिया वेधशाळा. साऱ्या आकाशाची छायाचित्रे घेऊन ताऱ्यांची सूची करण्याच्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पात तिच्या वाट्याला खगोलीय विषुववृत्ताच्या दक्षिणेकडचा १७ ते २३ अंशांचा पट्टा आला होता. आठ इंची छायाचित्रक दुर्बिणीच्या एकेका काचपट्टीवर सुमारे दोन अंश रुंद आकाश उमटे.

डोळ्याने पाहणाऱ्याला तसाच विस्तार मिळाला तो युद्धामुळे. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१७ मध्ये, झाइस कंपनीतील हाइनरिख एर्फले यांनी पाच-सहा भिंगांचा आयपीस तयार केला. त्याचे दृष्टिक्षेत्र साठ अंशांच्या पुढे गेले. सैनिकी बायनॉक्युलर आणि शस्त्रांच्या दुर्बिणी यांसाठी तो लाखमोलाचा ठरला. दुसरे महायुद्ध संपल्यावर असा शिल्लक माल अमेरिकेत हौशी निरीक्षकांना स्वस्तात मिळू लागला आणि रुंद आयपीस पहिल्यांदा सामान्यांच्या हाती आला.

महाराष्ट्रात तसे झाले नाही. पुण्यात १९४४ मध्ये ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली, १९८५ मध्ये मुंबईत खगोल मंडळ सुरू झाले, १९८६ च्या हॅलेच्या धूमकेतूने दुर्बिणींची ओढ वाढवली. आयात माल मात्र महाग आणि दुर्मीळ होता. जुन्या बायनॉक्युलरमधली भिंगे काढून लेथवर कातलेल्या नळीत बसवणे हा इथला मार्ग. पुढे पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतील आरसा घासण्याच्या कार्यशाळांमुळे चांगले आरसे घरी तयार होऊ लागले, पण आयपीस घरी करणे त्याहून कठीण. आरशाचा एकच पृष्ठभाग घासायचा असतो. रुंद आयपीसमध्ये दहा-बारा पृष्ठभाग एका रेषेत जुळवावे लागतात.

१९८० च्या सुमारास अमेरिकेत अल नॅगलर यांनी ८२ अंशांचा आयपीस बाजारात आणला. तो महाग होता, पण त्याने रुंद दृश्याची अपेक्षा सगळीकडे वाढवली. नंतर तैवान आणि चीनमधील कारखान्यांनी ६६ ते ७० अंशांचे साधे आयपीस परवडणाऱ्या दरात काढले. यातले बरेचसे एर्फलेच्या कल्पनेचेच वंशज आहेत आणि त्याचा जुना दोषही त्यांच्यात उतरला आहे: कडेचे तारे ठिपक्यासारखे न राहता फाकतात. सहा इंची, एफ/८ (नाभीय अंतर आरशाच्या व्यासाच्या आठ पट) दुर्बिणीत हा दोष फारसा जाणवत नाही. आठ इंची, एफ/६ मध्ये तो दिसतो आणि एफ/५ मध्ये खुपतो.

सहा इंची एफ/८ आणि आठ इंची एफ/६ या दोन्ही दुर्बिणींचे नाभीय अंतर सुमारे १२०० मिलिमीटर आहे. २४ मिलिमीटरचा ६८ अंशी आयपीस त्यांत ५० पट वर्धन आणि साधारण १.३५ अंश आकाश देतो. ३२ मिलिमीटरचा साधा प्लोसलही जवळपास तेवढेच आकाश दाखवतो, कारण सव्वा इंची नळीच्या तोंडातून त्याहून मोठी प्रतिमा मावतच नाही. फरक एवढाच, की रुंद आयपीसमध्ये वर्धन जास्त मिळते आणि पार्श्वभूमी काळी दिसते. पैसे बेताचे असतील तर प्लोसलच घ्यावा; त्यात काही कमीपणा नाही. आकाश खरोखर वाढवायचे तर फोकसर, म्हणजे आयपीस बसवायची नळी, दोन इंची हवा. त्यात ३० मिलिमीटरचा ६८ अंशी आयपीस १.७ अंश दाखवतो.

बीडच्या बालाघाट पठारावर, पाटोदा-आष्टीकडच्या वाड्यांबाहेर, या फरकाचा उपयोग होतो. पर्जन्यछायेतला हा भाग पावसाळा सरला की बराच काळ निरभ्र असतो. फेब्रुवारी-मार्चच्या संध्याकाळी पुष्य नक्षत्राजवळचा सुमारे दीड अंश पसरलेला तारकागुच्छ दोन इंची आयपीसमध्येच पूर्ण मावतो. एप्रिल-मेच्या उत्तररात्री वृश्चिकाच्या नांगीजवळचा मेसिए ७ हा तारकागुच्छ येथून क्षितिजावर सुमारे ३६ अंश चढतो. त्याचा व्यास सुमारे १.३ अंश असल्याने सव्वा इंची आयपीसमध्ये तो जेमतेम बसतो. बीड शहरासारख्या उजळ जागी मात्र ३० मिलिमीटरपेक्षा २४ मिलिमीटरचा आयपीस बरा, कारण त्यात आकाशाचा उजेड मंद होतो. चष्मा लावून पाहणाऱ्याने आयपीस घेण्याआधी डोळा भिंगापासून किती दूर ठेवता येतो ते पाहावे. स्वस्त रुंद आयपीसमध्ये, विशेषतः कमी नाभीय अंतराच्या, हे अंतर अनेकदा अपुरे पडते.