ओस पडलेले गाव आणि बाहेरून आलेली माणसे

मंदिराचा जीर्णोद्धार झाला म्हणजे नवा कळस चढतो, सभामंडप उभा राहतो आणि त्याबरोबर गावात नवी पावलेही येऊ लागतात. कोणी दर्शनापुरता येतो, कोणी यात्रेत दुकान थाटतो, तर कोणी कायमचे बिऱ्हाड करतो. अशा माणसांमुळे गावाची भरभराट कशी होते, हे जाणून घेण्यास खानदेशच्या लोकांना दूर जाण्याचे कारण नाही. त्यांच्या धुळ्याचाच इतिहास त्यास पुरेसा आहे.

अठराव्या शतकाच्या अखेरपर्यंत धुळे हे लळिंगच्या अंमलाखालील, पांझरेकाठचे एक साधे खेडे होते. १८०२ साली यशवंतराव होळकरांच्या फौजेने खानदेश लुटला. पाठोपाठ १८०३ चा भीषण दुष्काळ आला. पिके नाहीत, गुरे नाहीत, रक्षणास कोणी नाही, अशा स्थितीत माणसे वाट फुटेल तिकडे गेली आणि धुळे अगदी ओस पडले. ज्या गावात आज लाखो लोक राहतात तेथे त्या वर्षी दिवा लावण्यास माणूस उरला नव्हता.

पुढच्याच वर्षी विंचूरकरांच्या पदरी असलेल्या बाळाजी बळवंत यांनी हे गाव पुन्हा वसविले. त्याबद्दल त्यांना इनाम जमीन मिळाली. पुढे सोनगीर व लळिंग या भागाचा कारभारही त्यांच्याकडे आला व धुळे हे त्यांचे ठाणे झाले. १८१८ साली खानदेश इंग्रजांच्या ताब्यात गेला. तेव्हा कॅप्टन ब्रिग्ज यांनी जिल्ह्याचे मुख्य ठिकाण म्हणून धुळेच निवडले. त्या वेळी हे गाव म्हणजे पाट आणि नदी यांच्या मधोमध, बागायतीने वेढलेली एक लहानशी वस्ती होती. १८१९ साली तेथे ४०१ घरे व २,५०९ माणसे होती.

केवळ कचेऱ्या बांधून शहर वसत नाही, हे ब्रिग्ज यांनी ओळखले होते. बांधकामासाठी दूरदूरचे कारागीर आणविण्यात आले. व्यापारी व इतर लोकांनी नव्या पेठेत येऊन राहावे म्हणून घरासाठी कायमची बिनभाड्याची जागा देण्यात आली. पक्के घर बांधण्यास आगाऊ रक्कमही मिळे. विशेष म्हणजे ही सवलत जशी नव्याने येणाऱ्यांना होती तशीच जुन्या रहिवाशांनाही होती. त्यामुळे आलेला तो परका आणि आपण उपाशी, असे मूळच्या लोकांना वाटण्याचे कारण उरले नाही. याचे फळ असे की, १८७२ च्या शिरगणतीत धुळ्याची वस्ती १२,४८९ भरली. अर्ध्या शतकात गाव पाचपट झाले.

मुंबई-आग्रा रस्ता गावावरूनच जात असल्याने वाटसरू व मालाची ये-जा होतीच. उदमी आला की त्याला हमाल लागतो, गाडीवान लागतो. गाडीवानाला लोहार व सुतार लागतो. त्या सर्वांना धान्य, दूध व भाजीपाला लागतो, आणि तो भोवतालच्या खेड्यांतला शेतकरीच पुरवितो. एका बिऱ्हाडामागे दहा घरांना काम मिळते ते असे.

या चित्राची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. बाहेरून आलेला प्रत्येक जण गावाचे भले करून गेला असे नाही. खानदेशात सावकारी पाशात सापडून कित्येक कुणब्यांच्या व भिल्लांच्या जमिनी गेल्या, ही कटू गोष्ट आहे. ज्याने गावात राहून घाम गाळला तो गावाचा झाला. ज्याने फक्त कर्जाचे खत लिहून घेतले तो परकाच राहिला.

कायम राहणाऱ्यांप्रमाणे चार दिवसांचे पाहुणेही गावाला हात देतात. सारंगखेड्याला तापीकाठी दत्तजयंतीची यात्रा भरते. १९९८ पर्यंत हे गाव धुळे जिल्ह्यात होते. आता ते नंदुरबार जिल्ह्यात आहे. एकमुखी दत्ताच्या दर्शनाबरोबर तेथील घोड्यांचा बाजार देशभर प्रसिद्ध आहे. राजस्थान, पंजाब, उत्तर प्रदेश येथून घोडे येतात. घोडा आला की चारा विकला जातो, नाल ठोकणाऱ्याला काम मिळते, खोगीर-लगाम खपतात. घोडा विकला गेला नाही तरी धन्याला जेवण लागतेच. अमळनेरला वैशाखात बोरी नदीच्या पात्रात संत सखाराम महाराजांची यात्रा भरते, तेव्हाही हाच अनुभव येतो. धुळ्याच्या एकवीरा देवीला तर कुलदैवत म्हणून परप्रांतांतूनही कुटुंबे येतात. मुळात ती माणसे भक्तीने येतात. बाजार मागाहून भरतो. हा क्रम उलटला की यात्रेचा रंग जातो.

म्हणून जीर्णोद्धाराचे काम कळसापाशी संपत नाही. येणाऱ्याला पिण्याचे पाणी, बसण्यास सावली, स्वच्छ आवार व वाजवी दर मिळाले तर तो पुढच्या वर्षी आणखी दोघांना घेऊन येतो. नारळाचे दुप्पट दाम मोजावे लागले तर तो दर्शन घेऊन मुकाट्याने परत जातो आणि पुन्हा येत नाही. पोटासाठी सुरत-मुंबईकडे गेलेली आणि देवाच्या कामी यथाशक्ती देणगी पाठविणारी गावची लेकरेही आज यात्रेपुरतीच गावी येतात. त्यांच्यासाठी दार उघडे ठेवणे हेही गावाचेच काम आहे.

सव्वादोनशे वर्षांपूर्वी ओस पडलेले धुळे माणसे आली म्हणून उभे राहिले, आणि त्यांना जागा दिली म्हणून ती राहिली. नव्या मंदिराच्या पायरीवर येणाऱ्या प्रत्येकाला तशीच जागा देण्याची बुद्धी ग्रामस्थांस लाभो, हीच श्रींच्या चरणी प्रार्थना.