पोटगीत औषध बसते का?

घरात कोणी आजारी पडले, की डॉक्टरची फी कोणाच्या खिशातून जाते हे आपण विचारत नाही. तलाक झाला, घटस्फोट झाला, की हा प्रश्न पहिल्याच तापाला उभा राहतो. आपल्या कायद्याने तो ओळखायला किती वर्षे लावली, ते पाहू.

१९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने निर्वाहाच्या व्याख्येतच औषधोपचार लिहिले. सर्वधर्मीय स्त्रियांसाठी असलेल्या फौजदारी संहितेत मात्र अशी फोड नव्हती. तिथे होती ती मर्यादा : १९५५ पासून महिना जास्तीत जास्त ५०० रुपये. १९७३ च्या संहितेने कलम १२५ खाली घटस्फोटितेलाही हक्क दिला, पण आकडा तोच ठेवला.

इंदूरच्या शाहबानोंनी १९७८ साली तेवढेच ५०० रुपये मागितले. वय ६२. दंडाधिकाऱ्यांनी महिना २५ रुपये दिले, उच्च न्यायालयाने १७९ रुपये २० पैसे केले. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली तो निकाल कायम केला. मी तेव्हा शाळेत होतो. मोहल्ल्यातल्या सभांत शरियत ऐकली, संविधान ऐकले. म्हाताऱ्या बाईच्या औषधाचा विषय काही कानावर आला नाही.

१९८६ च्या मुस्लिम महिला कायद्याचा अर्थ पुष्कळांनी लावला तो असा, की नवऱ्याची जबाबदारी इद्दतीपुरती. आमच्या गल्लीत एक तलाकशुदा खाला राहत. रक्तदाबाची गोळी ब्लेडने अर्धी करून महिन्याचे औषध दोन महिने पुरवत. रक्तदाब काही इद्दतीबरोबर संपत नाही!

सप्टेंबर २००१ मध्ये संसदेने ५०० रुपयांची मर्यादा काढली. त्याच महिन्यात डॅनियल लतीफी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की पतीने इद्दतीच्या मुदतीत पत्नीच्या पुढील आयुष्याची वाजवी तरतूद केली पाहिजे. २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालाने पोटगीच्या दाव्यातील प्रतिज्ञापत्रात आजारपणाच्या तपशिलालाही जागा दिली. तलाकशुदा मुस्लिम स्त्रीला कलम १२५ चाही मार्ग खुला आहे, हे जुलै २०२४ मध्ये न्यायालयाने पुन्हा स्पष्ट केले. नव्या संहितेत ते कलम १४४ झाले आहे.

कागदावर जागा झाली, ती भरायची मात्र आपणच. म्हणून बहिणींनो, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या आणि औषधांची बिले टाकू नका. दागिन्यांच्या डब्यात ठेवा.