वस्तू आमची, कुलूप त्यांचे : रिलायन्सच्या हँडसेटपासून बाबासाहेबांच्या ग्रंथांपर्यंत

शीळफाट्याला तीन वाटा फुटतात. एक कल्याणला, एक मुंब्रा-पनवेलच्या अंगाने आणि एक डोंगर ओलांडून महापेला. या तिन्ही रस्त्यांवर मोबाईल दुरुस्तीची छोटी दुकाने आहेत आणि त्यांतून आपल्या वस्त्यांमधली अनेक पोरे पोट भरतात. त्यांच्याकडे रोज येणारा प्रश्न एकच असतो : "भाऊ, फोन माझा आहे, पैसे मी भरलेत, मग तो लॉक का?" हा प्रश्न तांत्रिक वाटतो. आमच्या मते तो हक्काचा प्रश्न आहे, आणि त्याचा इतिहास आंबेडकरी तरुणांना माहीत असला पाहिजे.

हा इतिहास फार लांबचा नाही. महापेला लागूनच कोपरखैरणे आहे. तिथल्या धीरूभाई अंबानी नॉलेज सिटीतून चालणाऱ्या रिलायन्स इन्फोकॉमने २००३ साली स्वस्त मोबाईल बाजारात आणला. ३,३५० रुपये आधी भरा, पुढे दरमहा ६०० रुपये द्या आणि १०,५०० रुपये किमतीचा हँडसेट घेऊन जा, अशी एक योजना होती. गरिबाच्या हातात पहिल्यांदा फोन आला, हे खरेच आहे. पण तो हँडसेट फक्त रिलायन्सच्याच जाळ्यावर चालेल असा बांधलेला होता. हैदराबादेत काही ग्राहक तेच हँडसेट घेऊन टाटा इंडिकॉमकडे वळले, तेव्हा फोनमधला प्रोग्राम बदलून दिल्याच्या आरोपावरून टाटा इंडिकॉमच्या कर्मचाऱ्यांवर गुन्हे दाखल झाले. आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने २००५ साली, सय्यद असिफुद्दीन खटल्यात, मोबाईल हा कायद्याच्या भाषेत संगणकच आहे असे म्हटले. त्यातला प्रोग्राम असा बदलणे प्रथमदर्शनी माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६५ आणि कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ खाली येते, असे सांगून त्या कलमांखालचा खटला रद्द करायला न्यायालयाने नकार दिला.

इथे नेमके काय घडले ते पाहा. कॉपीराइट हा मुळात लेखक, कवी, संगीतकार यांच्या निर्मितीचे रक्षण करणारा कायदा. ग्राहकाने कोणाचे पुस्तक चोरले नव्हते. त्याला फक्त कंपनी बदलायची होती. पण फोनच्या पोटात प्रोग्राम आहे आणि प्रोग्रामला कॉपीराइट आहे, म्हणून लेखकासाठी केलेला कायदा ग्राहकाला खुंटीला बांधून ठेवायच्या कामी आला.

अमेरिकेतही हेच झाले. तिथे १९९८ च्या कायद्याने डिजिटल कुलूप तोडणे हाच गुन्हा ठरवला. फोन अनलॉक करायला काही वर्षे सवलत होती, ती जानेवारी २०१३ पासून नव्या फोनसाठी बंद झाली. लाखाहून जास्त लोकांनी सरकारकडे निवेदनावर सह्या केल्या, तेव्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी नवा कायदा करून ती सवलत परत द्यावी लागली. लोक गप्प बसले असते तर ती मिळाली नसती.

आपल्या देशात २०१२ साली कॉपीराइट कायद्यात कलम ६५अ घातले गेले. डिजिटल कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड त्यात आहे. पण एक अट आहे, ती पाठ करून ठेवा : कुलूप कॉपीराइटचा भंग करण्याच्या हेतूने तोडलेले असले पाहिजे. कायद्याने स्पष्टपणे मना न केलेल्या कामासाठी कुलूप काढले तर हे कलम लागत नाही. म्हणजे आपला कायदा अमेरिकेपेक्षा उदार आहे. मात्र त्यातच एक मेख आहे. दुसऱ्याला असे कुलूप काढून देणाऱ्याने त्या माणसाचे नाव, पत्ता, ओळख आणि कामाचा हेतू यांची पूर्ण नोंद ठेवली पाहिजे. दुकानदाराला हे कोणी सांगितलेले नसते. कंपनीकडे वकिलांची फौज असते आणि दुकानदाराकडे साधी वहीही नसते. हक्क कागदावर राहतो आणि भीती बाजारात फिरते.

कागदावरचा हक्क म्हणजे काय, हे आम्हाला कोणी शिकवायची गरज नाही. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या झाल्या. १९२४ साली महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. तरी एक थेंबही मिळाला नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारोंना घेऊन तळ्यावर उतरले, तेव्हा त्या ठरावाला अर्थ आला. फोनचे कुलूप आणि अस्पृश्यता एका तराजूत तोलायचा आमचा हेतू नाही. तसे करणे महाडचा अपमान ठरेल. महाडची शिकवण मात्र इथे लागू पडते : जो हक्क वापरता येत नाही, तो हक्क नव्हे.

आता पुस्तकांकडे येऊ, कारण आपली खरी संपत्ती तीच. बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण १९५६ चे. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे कॉपीराइट चालतो. म्हणून त्यांनी हयातीत प्रसिद्ध केलेले ग्रंथ १ जानेवारी २०१७ पासून सर्वांचे झाले. 'जातिप्रथेचे विध्वंसन'चे मूळ इंग्रजी भाषण आज कोणीही छापू शकतो. पण मृत्यूनंतर प्रथम प्रसिद्ध झालेल्या लेखनाची ६० वर्षे प्रकाशनापासून मोजली जातात. ज्याच्या बाजूने १९८८ साली मुंबईत प्रचंड मोर्चा निघाला, ते 'रिडल्स इन हिंदुइझम' शासनाने १९८७ साली चौथ्या खंडात छापले. या हिशेबाने ते २०४७ अखेरपर्यंत मोकळे होत नाही. १९७९ पासून शासन हे खंड काढत आहे, तरी ते वेळेवर मिळत नाहीत. रखडलेल्या छपाईची दखल डिसेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून घ्यावी लागली. छपाई रखडते तेव्हा विहारातला अभ्यासवर्ग झेरॉक्सवर आणि पीडीएफवर चालतो.

अशा अभ्यासाच्या प्रती म्हणजे चोरी नव्हे, हेही न्यायालयाने काही प्रमाणात मान्य केले आहे. दिल्ली विद्यापीठातल्या रामेश्वरी फोटोकॉपी दुकानाविरुद्ध ऑक्सफर्ड, केंब्रिजसारख्या प्रकाशकांनी दावा लावला होता. शिक्षणासाठी लागणारे उतारे छापून देणे कायद्यात बसते, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ साली म्हटले आणि २०१७ साली प्रकाशकांनी दावा मागे घेतला. पण उद्या तेच पुस्तक कुलूपबंद ई-बुक म्हणून आले तर झेरॉक्सवाला काय करणार? न्यायालयाने दिलेला हक्क कंपनीचे सॉफ्टवेअर परत घेऊ शकते. २००९ साली अमेझॉनने ग्राहकांच्या किंडलमधून ऑर्वेलचे विकत घेतलेले पुस्तक दुरूनच पुसून टाकले होते. कागदी पुस्तक घरातून असे कोणी नेऊ शकत नाही.

काही मित्र विचारतील, मग लेखकाने जगायचे कसे? प्रश्न रास्त आहे. दीक्षाभूमीवर आणि चैत्यभूमीवर पथारी मांडणारा छोटा प्रकाशक आणि आपला हयात लेखक यांचे पुस्तक विकतच घ्या, त्याची पीडीएफ फिरवू नका. आमचा विरोध लेखकाच्या मोबदल्याला नाही. मोबदला दिल्यावरही वस्तूवर ताबा ठेवणाऱ्या मालकीला आहे. तसेच आयएमईआय बदलणे किंवा चोरीचा फोन उघडणे हा गुन्हाच आहे, त्याला कोणी हक्काचे नाव देऊ नये.

करायचे काय? शीळ, दिवा, मुंब्रा, डोंबिवलीतल्या आपल्या दुरुस्तीवाल्या तरुणांना कलम ६५अ समजावून सांगा आणि दुकानात नोंदवही ठेवायला लावा. ती वही उद्या त्यांचा पुरावा असेल. केंद्राने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली, पोर्टलही काढले. ते कंपन्यांच्या मर्जीवर न राहता त्याचा कायदा व्हावा, अशी मागणी करा. आणि शासनाने बाबासाहेबांचे सर्व खंड, 'रिडल्स'सकट, विनाकुलूप डिजिटल रूपात द्यावेत, हा ठराव प्रत्येक विहारातून गेला पाहिजे. २०४७ पर्यंत थांबायला आम्ही तयार नाही.

जयभीम!