सप्तकोटीश्वराच्या राजांची घाटमाथ्यावरील राजधानी

नार्व्याच्या श्रीसप्तकोटीश्वराचे दर्शन घेणाऱ्या भाविकांस शिवछत्रपतींनी १६६८ साली केलेला जीर्णोद्धार सहसा ठाऊक असतो. परंतु त्यापूर्वी कित्येक शतके ज्या राजकुलाचे हे कुलदैवत होते, त्या गोव्याच्या कदंबांची घाटमाथ्यावरील राजधानी फारच थोड्यांनी पाहिलेली असते. खानापूर तालुक्यातील हलशी, प्राचीन पलासिका, ती हीच. सौंदत्तीच्या श्रीयल्लम्मेस जाणारे किती गोमंतकीय हलशीसाठी वाट वाकडी करीत असतील? त्यांच्यासाठीच हे टिपण.

कोल्हापूरकडून येणाऱ्यास प्रथम निपाणी लागते. पेशवाईच्या उत्तरकाळात सिद्धोजीराव निंबाळकर, म्हणजेच निपाणकर, यांच्यामुळे या गावास महत्त्व आले. पुढे तंबाखूची पेठ म्हणून ते नावारूपास चढले. येथे फार वेळ न मोडता संकेश्वरी श्रीशंकरलिंगाचे दर्शन घ्यावे आणि बेळगाव गाठावे.

बेळगावचे प्राचीन नाव वेणुग्राम. कदंबांमागून ते सौंदत्तीच्या रट्टांकडे गेले. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बीचिराज याने १२०४ च्या सुमारास बांधविलेली कमलबस्ती किल्ल्यात आहे. वास्तू जैनांची, तथापि मंडपाच्या छतातून खाली उमललेले ते पाषाणकमळ कोणत्याही देवाच्या भक्ताने मान अवघडेपर्यंत पाहावे असेच आहे.

दुसरा दिवस मात्र सबंध हलशीसाठी राखून ठेवावा. बनवासीच्या आद्य कदंबांपैकी मृगेशवर्म्याने आपल्या पित्याच्या स्मरणार्थ येथे जिनालय उभारल्याचे ताम्रपट सांगतात. म्हणजे गोव्याचे कदंब उदयास येण्यापूर्वी पाच-सहा शतके हे नगर नांदते होते. आज तेथे एक लहानसे खेडे आहे, आणि त्या खेड्यात भूवराह नरसिंहाचे भव्य देवालय! याची रचना विलक्षण आहे. दोन गाभारे समोरासमोर असून एकात पृथ्वीला उचलणारा वराह, तर दुसऱ्यात नरसिंह. बाराव्या शतकात परमर्दी आणि विजयादित्य हे कदंब बंधू राज्य करीत होते. थोरला ‘शिवचित्त’, धाकटा ‘विष्णुचित्त’ म्हणवी. तरीही ११६९ मध्ये या नरसिंहास दान देणारा शिवचित्तच होय. शैव-वैष्णवांच्या कलहाच्या कथा ऐकून ज्यांचे कान किटले असतील, त्यांनी हा लेख ध्यानात ठेवावा.

त्याच शिवचित्ताची राणी कमलादेवी. तिने कित्तूरजवळच्या देगाव्यास कमलनारायण व महालक्ष्मी यांचे देवालय बांधविले. तेथील लेख ११७४ चा आहे. कित्तूरला राणी चन्नम्मेच्या वाड्याचे अवशेष पाहण्यास पुष्कळ मंडळी जातात, आणि ते योग्यच आहे. १८२४ साली कंपनी सरकारशी झुंजलेली ती राणी. पण तिच्या सहाशे वर्षे आधीच्या या राणीचे देवालय हाकेच्या अंतरावर असता तसेच परतणे बरे नव्हे. देगाव्याच्या शिलालेखांत नागरी आणि कन्नड या दोन्ही लिपी आढळतात. सीमेच्या अलीकडच्या व पलीकडच्या वाचकांनी मिळून ते पाहावेत. देवालय घडविणाऱ्या शिल्पी तिप्पोजाचे नावही तेथे कोरलेले आहे. तेवढे शोधल्यावाचून निघू नये.